कम्युनिटी कॉलेजातलं सुरुवातीचं बीजगणित: नेमकं कुठे अडतं?

छेदसमान:

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) नाव घालायचं ठरलं की बऱ्याच मराठी मंडळींचा पहिला अडसर गणिताचा असतो. दहावीनंतर आर्ट्स किंवा गणिताशिवाय कॉमर्स, मग पंधरा-वीस वर्षांचा खंड, आणि आता नर्सिंग घ्या नाहीतर अकाउंटिंग, गणिताची पायरी चढावीच लागते. त्या जिन्याच्या तळाशी 'एलिमेंटरी' किंवा 'बिगिनिंग अल्जेब्रा' असतो. विषय आपल्या आठवी ते दहावीच्या बीजगणिताएवढाच आहे: एका चलाची समीकरणं, असमानता, रेषेचा आलेख, एकसामयिक समीकरणं, घातांक, बहुपदी, अवयव, शेवटी वर्गसमीकरणं. उत्तरं वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरली आहेत, म्हणून हा एकत्र धागा.

माझं ठाम मत आधीच सांगतो. या कोर्सात गळणारे लोक बीजगणितात गळत नाहीत. अपूर्णांक, ऋण चिन्ह आणि 'बरोबर' या चिन्हाचा अर्थ, या तीन जागी गळतात. वर्गसमीकरणापर्यंत पोचल्यावर सूत्र सगळ्यांना पाठ असतं. त्यात ऋण ब ठेवताना चूक होते.

लिहिण्याची सोय: एक्सच्या जागी क्ष, वायच्या जागी य, आणि घातासाठी ^ ही खूण. क्ष^२ म्हणजे क्षचा वर्ग. ऑनलाइन गृहपाठातही घात असाच टंकावा लागतो, तेव्हा डोळ्याला सवय होऊ दे.

कोर्स सुरू व्हायच्या आधी ही पाच उदाहरणं कॅलक्युलेटरशिवाय, कागदावर, पंधरा मिनिटांत करून बघा:

१) −८ − (−३)
२) −४^२ + (−४)^२
३) ७/१२ − ५/८
४) −२/३ ÷ ४/९
५) २४ ÷ ६ × २ − ३ + ५

उत्तरं: −५, ०, −१/२४, −३/२, १०.

पहिल्याचं −११ आलं तर दोन ऋण चिन्हं शेजारी आली की काय करायचं ते पक्कं नाही. दुसऱ्याचं ३२ आलं तर −४^२ आणि (−४)^२ यांतला फरक सुटलाय: पहिल्यात घात फक्त ४ ला लागतो, ऋण चिन्ह बाहेरच राहतं, म्हणून −१६. तिसऱ्याचं २/४ आलं तर अंशातून अंश आणि छेदातून छेद वजा झालाय, म्हणजे लसाविपासून सुरुवात हवी. चौथ्यात −८/२७ आलं तर दुसरा अपूर्णांक उलटा करायचा राहिला. पाचव्याबद्दल पाटीपेन्सिल यांनी लिहावं, ते त्यांचं क्षेत्र आहे.

पाचपैकी तीन किंवा जास्त चुकली तर सरळ बीजगणितात उडी नको. आधी तीन आठवडे, रोज अर्धा तास, फक्त अपूर्णांक आणि पूर्णांक.

पाटीपेन्सिल:

पाचव्या उदाहरणात आपल्याकडची माणसं एका खास पद्धतीने चुकतात. शाळेतलं 'कंचेभागुबेव' डोक्यात असतं: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. इथे त्याच्या जागी 'पेमडास' असतं: कंस, घात, गुणाकार, भागाकार, बेरीज, वजाबाकी. दोन्हींत एकच खोट. अक्षरं एकामागून एक येतात, म्हणून वाटतं की क्रियाही त्याच क्रमाने.

खरा नियम असा की गुणाकार आणि भागाकार एकाच पंक्तीचे. त्यांच्यात डावीकडून जो आधी येईल तो आधी. बेरीज-वजाबाकीचंही तसंच.

२४ ÷ ६ × २ − ३ + ५ मध्ये 'पेमडास' शब्दशः धरलं तर आधी ६ × २ = १२, मग २४ ÷ १२ = २, मग बेरीज आधी म्हणून ३ + ५ = ८, आणि उत्तर २ − ८ = −६. 'कंचेभागुबेव' शब्दशः धरलं तर ८ पर्यंत बरोबर येतो, पण मग 'बे' आधी म्हणून ३ + ५ = ८ करतो आणि ८ − ८ = ०. बरोबर उत्तर १०. स्वतःचं उत्तर ० आलं की −६, यावरून घोटाळा कुठल्या शाळेतून आला ते कळतं.

शिवाय आपल्या 'चे'ला पेमडासमध्ये वेगळी जागा नाही. 'अमक्याचे दोन तृतीयांश' हे सरळ गुणाकार म्हणून लिहायचं. आणि अपूर्णांकाची आडवी रेघ हा न दिसणारा कंस आहे: वरचं सगळं एकदा, खालचं सगळं एकदा, मग भागाकार.

मोगरा७:

फार उपयोगी. एक प्रश्न. शाळेत समीकरण सोडवताना 'अधिक पलीकडे गेलं की वजा होतं, गुणाकार पलीकडे गेला की भागाकार होतो' असं शिकवलेलं असतं. इथे शिक्षक दोन्ही बाजूंखाली तीच क्रिया लिहायला लावतात आणि ती ओळ नसली तर गुण कापतात. उत्तर तेच येतं ना? मग हट्ट कशासाठी?

सहगुणक:

मोगराताई, बरोबर केलं तर उत्तर तेच. पण 'पलीकडे नेणं' हा परिणाम आहे, कारण नाही. समीकरण तराजूसारखं: डाव्या पारड्यात जे कराल तेच उजव्यात. ते कारण विसरून नुसतं 'नेलं' की तीन जागी हमखास घसरण होते.

पहिली जागा, −३क्ष = १२. इथे −३ हा गुणणारा आहे. 'पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं' हे डोक्यात असल्याने कोणी क्ष = १२/३ = ४ लिहितो, कोणी क्ष = १२ + ३ = १५. दोन्ही बाजूंना −३ ने भागा: क्ष = −४. भागताना चिन्ह बदलत नाही, तो −३ चिन्हासकट छेदात जातो.

दुसरी, क्ष/४ + २ = ५. छेदातला ४ पलीकडे नेऊन क्ष + २ = २० आणि क्ष = १८ लिहिणारे पुष्कळ. पडताळा घ्या: १८/४ + २ = ६.५, म्हणजे चूक. ४ ने गुणायचं तर २ लाही गुणायला हवं. किंवा आधी २ वजा करा: क्ष/४ = ३, क्ष = १२.

तिसरी, असमानता. −३क्ष + ४ > १९ मधून −३क्ष > १५ येतं. आता −३ ने भागताना असमानतेचं चिन्ह उलटतं: क्ष < −५. नुसतं 'नेण्या'च्या सवयीत हे उलटणं निसटतं. विसरायची भीती वाटत असेल तर −३क्ष हे पदच उजवीकडे न्या: ४ − १९ > ३क्ष, म्हणजे −१५ > ३क्ष, म्हणजे −५ > क्ष. ऋण संख्येने भागण्याची वेळच येत नाही. मग −६ ठेवून बघा: १८ + ४ = २२, १९ पेक्षा मोठं, ठीक. ० ठेवा: ४, मोठं नाही, तेही ठीक.

गुणांबद्दल: उत्तर चुकलं तरी बरोबर ओळींचे गुण इथे मिळतात. ओळच नसेल तर शिक्षकाला द्यायला काही उरत नाही. निदान पहिले सहा आठवडे दोन्ही बाजूंची ओळ लिहाच.

छेदसमान:

सहगुणक, अगदी नेमकं. यालाच जोडून 'बरोबर' चिन्हाचा गैरवापर. तोंडी हिशोब करताना ५ + ३ = ८ × २ = १६ − १ = १५ असं साखळीत लिहायची सवय असते. ५ + ३ हे १६ − १ च्या बरोबर नाही! कागदावर ही साखळी दिसली की समीकरणातही 'बरोबर' म्हणजे 'आता पुढे उत्तर' एवढाच अर्थ डोक्यात आहे, हे ओळखावं. सरळ रूप देताना ओळीच्या सुरुवातीला =, आणि समीकरण सोडवताना प्रत्येक ओळीत दोन बाजू व मधे एकच =, सगळी चिन्हं एकाखाली एक. एवढी शिस्त पुष्कळ वाचवते.

आता कंस आणि ऋण चिन्ह.

३(क्ष − ४) − २(५ − क्ष) = १३
३क्ष − १२ − १० + २क्ष = १३
५क्ष − २२ = १३
५क्ष = ३५
क्ष = ७

दुसऱ्या ओळीत + २क्ष ऐवजी − २क्ष लिहिलं की क्ष − २२ = १३ आणि क्ष = ३५. कंसाबाहेर −२ आहे, २ नाही. तो कंसातल्या दुसऱ्या पदालाही चिन्हासकट लागतो. पडताळा नेहमी मूळ ओळीत घ्यायचा, मधल्या ओळीत नाही, कारण चूक बहुधा पहिल्या दोन ओळींच्या मधेच झालेली असते. ७ ठेवा: ३ × ३ − २ × (−२) = ९ + ४ = १३.

अपूर्णांक आले तर पहिल्याच ओळीत छेद घालवा:

(क्ष + १)/२ − (क्ष − ३)/४ = ३

लसावि ४. प्रत्येक पदाला ४ ने गुणा:

२(क्ष + १) − (क्ष − ३) = १२
२क्ष + २ − क्ष + ३ = १२
क्ष = ७

दोन चुका. एक, उजवीकडच्या ३ ला गुणायचंच राहतं आणि क्ष = −२ येतं. दोन, (क्ष − ३) चा कंस न लिहिता − क्ष − ३ लिहिलं जातं आणि क्ष = १३ येतं. छेद गेला तरी त्याच्यावरचा अंश कंसातच उतरवायचा.

नदीकाठ:

शाब्दिक उदाहरणांचं काय? समीकरण दिलं तर सुटतं, पण इंग्रजी वाक्यावरून मांडताच येत नाही. विशेषतः 'फाइव्ह लेस दॅन अ नंबर' सारखी वाक्यं.

पाटीपेन्सिल:

इथे मराठीचा फायदा आहे आणि तो कोणी घेत नाही. इंग्रजी वाक्य डावीकडून उजवीकडे उतरवलं की ५ − क्ष होतं, जे चूक. तेच मनात मराठीत म्हणा: 'एका संख्येपेक्षा ५ ने कमी'. संख्या आधी आली, ५ नंतर: क्ष − ५. 'सबट्रॅक्ट सेव्हन फ्रॉम एक्स' म्हणजे 'क्षमधून ७ वजा', क्ष − ७. इंग्रजीत उलटणारी ही वाक्यं मराठीत सुलटी येतात.

'इज' हा शब्द मधे आला की मात्र अर्थ पालटतो. 'फाइव्ह इज लेस दॅन एक्स' म्हणजे ५ < क्ष. वजाबाकी नव्हे, असमानता. वाक्यात क्रियापद आहे का ते आधी बघायचं: असेल तर = किंवा < > लागणार, नसेल तर नुसती राशी.

'ट्वाइस द सम ऑफ एक्स अँड फोर' म्हणजे 'क्ष आणि ४ यांच्या बेरजेची दुप्पट'. बेरीज आधी, म्हणून २(क्ष + ४). मराठीतलं 'च्या बेरजेची' हे तुमचा कंस आहे असं समजा.

'अॅट लीस्ट' म्हणजे किमान, ≥. 'अॅट मोस्ट' आणि 'नो मोअर दॅन' म्हणजे जास्तीत जास्त, ≤. 'लीस्ट'चा आवाज ऐकून ≤ लिहिण्याची चूक दर परीक्षेत दिसते.

मोगरा७:

आणि ती नाण्यांची उदाहरणं? त्यात नाण्यांची किंमत दिलेलीच नसते.

सहगुणक:

गृहीत धरलेली असते. पेनी १ सेंट, निकल ५, डाइम १०, क्वार्टर २५. पाठच करा. तसंच १ फूट म्हणजे १२ इंच, १ यार्ड ३ फूट, १ मैल ५,२८० फूट, १ पौंड १६ औंस, १ गॅलन ४ क्वार्ट. आणि मोठ्या संख्यांत स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवर, आपल्यासारखा लाख-कोटीचा नाही.

नमुना: डाइम आणि क्वार्टर मिळून २० नाणी, एकूण ३.३५ डॉलर. क्वार्टर किती?

सगळं सेंटमध्ये घ्या, दशांश जातो. क्वार्टर क्ष मानले तर डाइम २० − क्ष.

२५क्ष + १०(२० − क्ष) = ३३५
१५क्ष + २०० = ३३५
क्ष = ९

क्वार्टर ९, डाइम ११. २२५ + ११० = ३३५. चूक होते ती एका बाजूला सेंट आणि दुसऱ्या बाजूला ३.३५ ठेवल्याने. दुसरी चूक म्हणजे नाण्यांची संख्या आणि नाण्यांची किंमत यांची गल्लत. म्हणून तीन रकान्यांचा तक्ता आखा: किती नाणी, एकाची किंमत, एकूण किंमत. हाच तक्ता मिश्रणाच्या उदाहरणात (किती लिटर, किती टक्के, शुद्ध किती) आणि वेगाच्या उदाहरणात (वेग, वेळ, अंतर) चालतो. वेगळी पद्धत शिकायची गरज नाही.

वेशीपलीकडे:

गणिताच्या बाहेरची पण तेवढीच महत्त्वाची माहिती. राज्याराज्यात व्यवस्था निराळी आहे. कॅलिफोर्नियात २०१७ मध्ये मंजूर झालेल्या एबी ७०५ या कायद्यानंतर प्रवेशाच्या वेळच्या गणित चाचण्या गेल्या. शाळेतले विषय आणि गुण बघून कोर्स ठरतो, आणि थेट पदवीला धरला जाणारा कोर्स घेऊ द्यावा लागतो. २०२२ च्या एबी १७०५ ने हे आणखी कडक केलं. परिणाम असा की तिथल्या बऱ्याच कॉलेजांत एलिमेंटरी अल्जेब्रा हा वेगळा क्रेडिट कोर्स सापडणारच नाही. त्याऐवजी स्टॅटिस्टिक्स किंवा कॉलेज अल्जेब्राला जोडलेला 'सपोर्ट' कोर्स असतो, नाहीतर नॉनक्रेडिट (पदवीला न धरला जाणारा) वर्ग, ज्याला शिकवणी शुल्क लागत नाही. सपोर्ट कोर्सात बीजगणिताची उजळणी आणि वरचा विषय एकाच सत्रात चालतो. म्हणजे वर छेदसमान यांनी दिलेली पाच उदाहरणं सत्र सुरू व्हायच्या आधी पक्की हवीत, नंतर सवड मिळत नाही.

इतर अनेक राज्यांत चाचणी असते. त्यातल्या अॅक्युप्लेसर नावाच्या चाचणीच्या नव्या रूपात प्रत्येक गणित भागाला २० प्रश्न, गुण २०० ते ३०० च्या पट्टीवर, वेळेची मर्यादा नाही. स्वतःचा कॅलक्युलेटर चालत नाही, काही प्रश्नांपुरता पडद्यावर येतो. प्रश्न उत्तरांनुसार सोपे-अवघड होत जातात आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. घाई अजिबात करू नका. अंकगणिताच्या चुकीने खालच्या कोर्सात पडलात तर एक अख्खं सत्र वाढतं. अॅलेक्स ही दुसरी चाचणी वापरणाऱ्या कॉलेजात जास्तीत जास्त ३० प्रश्न आणि गुण ० ते १००. तिथे उत्तर स्वतः लिहायचं असतं. 'हे अजून शिकले नाही' असं बटण आहे, ते प्रामाणिकपणे दाबा. अंदाजाने वर चढलात तर वर्गात तिसऱ्या आठवड्यात पाय घसरतो.

एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्यांना शिकण्यासाठी एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, करावा लागत नाही. फी मात्र राज्याचे रहिवासी ठरता की नाही यावर अवलंबून. कॅलिफोर्नियात रहिवाशांना युनिटमागे (युनिट हे कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर. बाहेरच्यांना कितीतरी पट. त्यामुळे प्रवेश खात्यात आधी रहिवासाचं विचारा, मग विषयाचं.

नदीकाठ:

धन्यवाद! आठवड्याला किती वेळ धरायचा?

वेशीपलीकडे:

ढोबळ हिशोब असा: १ युनिट म्हणजे आठवड्याला १ तास वर्ग आणि २ तास घरी. ५ युनिटांचा कोर्स असेल तर ५ + १०, एकूण १५ तास. हा १६-१८ आठवड्यांच्या सत्राचा हिशोब. तोच कोर्स ८ आठवड्यांच्या उन्हाळी सत्रात घेतला तर आठवड्याला ३० तास. घरात लहान मूल असेल किंवा नोकरी असेल तर उन्हाळी सत्रात पहिलंच गणित घेऊ नये, असं मी निक्षून सांगेन.

घरचे १० तास एका रविवारी बसून भरून निघत नाहीत. रोज दीड तास, आणि वर्ग झाल्यापासून २४ तासांच्या आत त्या दिवसाची उदाहरणं.

सहगुणक:

ऑनलाइन गृहपाठाचंही सांगायला हवं, कारण येत असलेलं उत्तर तिथे 'चूक' ठरतं. क्ष + ३ हे सगळं २ ने भागायचं असेल तर (क्ष+३)/२ टंकायचं; क्ष+३/२ टंकलं तर फक्त ३ भागला जातो. बिंदू असेल तर कंस आणि स्वल्पविराम, (−२, ५). अपूर्णांक मागितला असताना ०.३३ चालत नाही, १/३ च हवा. असमानतेचं उत्तर अंतराल रूपात मागितलं तर क्ष < −५ हे (−∞, −५) असं. अनंतापाशी नेहमी गोल कंस, आणि ≤ किंवा ≥ असेल तर संख्येपाशी चौकटी कंस.

बहुतेक प्रणालींत 'असंच दुसरं उदाहरण दाखवा' असं बटण असतं. ते उघडं ठेवून आकडे बदलत गेलात तर गृहपाठ १०० टक्के भरतो आणि परीक्षेत हात चालत नाही. एकदा बघा, बंद करा, मग कोऱ्या कागदावर सोडवा.

कॅलक्युलेटर: टीआय-३०एक्स आयआयएस सारख्यावर वजाबाकीचं बटण वेगळं आणि ऋण चिन्हाचं, कंसातलं (−), वेगळं. सुरुवातीला −५ लिहिताना वजाबाकीचं दाबलं तर तो मागचं उत्तर उचलून त्यातून ५ वजा करतो. आणि −३ चा वर्ग हवा असेल तर कंस घालून (−३)^२. कंसाशिवाय −९ दाखवतो, आणि ते त्याच्या परीने बरोबरच असतं.

पुस्तक विकत घ्यायची घाई करू नका. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सवर सुरुवातीच्या बीजगणिताचं पूर्ण पुस्तक फुकट आहे.

पाटीपेन्सिल:

रेषेच्या आलेखाबद्दल थोडं. आपल्याकडे य = मक्ष + क अशा रूपात शेवटी 'सी' असतो, इथे त्याच जागी 'बी'. अर्थ एकच, रेषा य-अक्षाला जिथे छेदते ती उंची. पण वर्गसमीकरणात पुन्हा 'बी' येतो, तिथे तो क्षचा सहगुणक. अक्षर बघून नाही, जागा बघून ओळखा.

(−२, ५) आणि (४, −७) मधून जाणारी रेषा: चढ = (−७ − ५)/(४ − (−२)) = −१२/६ = −२. छेदात ४ − २ = २ लिहिलं की चढ −६ येतो, आणि ही चूक कोर्सभर पाठ सोडत नाही. ठेवायच्या प्रत्येक ऋण संख्येला आधी कंस घाला, मग ठेवा. पुढे ५ = −२(−२) + ब, म्हणून ब = १. य = −२क्ष + १. पडताळा दुसऱ्या बिंदूत: −८ + १ = −७.

ऋण संख्या घाबरवत असतील तर आपला शब्दच मदतीला घ्या. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली हे नियम लिहिले तेव्हा धन आणि ऋण, म्हणजे पैसा आणि कर्ज, असेच शब्द वापरले. −८ − (−३): आठ रुपये कर्ज आहे, त्यातलं तीन रुपयांचं कर्ज कोणी काढून घेतलं, पाचाचं उरलं. मराठी माणसाला 'ऋण' शब्दात हे आयतं मिळतं.

मोगरा७:

अवयवांवरही लिहा ना कोणीतरी. ६क्ष^२ + ७क्ष − ३ सारखी, जिथे आधी १ नसतो.

छेदसमान:

आपली मधल्या पदाची फोड इथे 'एसी पद्धत' या नावाने भेटते. पहिला आणि शेवटचा सहगुणक गुणा: ६ × (−३) = −१८. गुणाकार −१८ आणि बेरीज ७ अशी जोडी: ९ आणि −२.

६क्ष^२ + ९क्ष − २क्ष − ३
३क्ष(२क्ष + ३) − १(२क्ष + ३)
(२क्ष + ३)(३क्ष − १)

अडतं ते दुसऱ्या ओळीत. − २क्ष − ३ मधून −१ बाहेर काढला की आतली दोन्ही चिन्हं बदलतात, आणि तो १ लिहावाच लागतो. दोन्ही कंस हुबेहूब सारखे आले नाहीत तर पुढे जाऊ नका, चिन्ह चुकलंय. जोडी सुचत नसेल तर −१८ चे सगळे अवयव ओळीने लिहा: १ व १८, २ व ९, ३ व ६. तीनच जोड्या आहेत, मग चिन्हं. अंदाज करत बसण्यापेक्षा हे लवकर होतं. आणि याही आधी एक काम: सगळ्या पदांत सामाईक काही आहे का बघून ते बाहेर काढा. ते विसरलं की आकडे उगाच मोठे होतात.

अवयवांनंतरच्या दोन चुका वर्गसमीकरणात दिसतात. क्ष^२ = ५क्ष याला दोन्ही बाजूंनी क्षने भागून क्ष = ५ लिहितात; क्ष = ० हे उत्तर हरवतं. सगळं एका बाजूला आणा: क्ष(क्ष − ५) = ०. दुसरी, (क्ष + ३)(क्ष − २) = ६ बघून प्रत्येक कंस ६ च्या बरोबर ठेवतात. ही युक्ती फक्त शून्याला चालते, कारण गुणाकार शून्य असेल तर एक तरी गुणक शून्य असायलाच हवा. ६ मात्र २ × ३ नेही होतो, १२ × १/२ नेही. कंस सोडवा: क्ष^२ + क्ष − १२ = ०, (क्ष + ४)(क्ष − ३) = ०, उत्तरं −४ आणि ३.

छाटण्याबद्दल एकच वाक्य: अवयव छाटतात, पदं छाटत नाहीत. (क्ष + ३)/३ मधला ३ जात नाही. (क्ष + ३)^२ मध्येही मधलं ६क्ष असतंच.

नदीकाठ:

शेवटचं. सत्राच्या मध्यावर गुण कमी असतील तर कोर्स सोडायचा की चालू ठेवायचा, हे कसं ठरवावं? पुढच्या कोर्ससाठी 'सी' श्रेणी लागते म्हणतात.

वेशीपलीकडे:

समीकरणच मांडा. बहुतेक ठिकाणी 'सी' साठी ७० टक्के लागतात. तुमच्या कोर्सचा आकडा आणि प्रत्येक परीक्षेचं वजन सिलॅबसच्या पहिल्या दोन पानांत असतं. समजा आतापर्यंत एकूण वजनाच्या ४५ टक्के कामाचे गुण आले आहेत आणि त्यात सरासरी ५८ आहे. उरलेल्या ५५ टक्क्यांत क्ष हवेत:

०.४५ × ५८ + ०.५५क्ष = ७०
२६.१ + ०.५५क्ष = ७०
क्ष = ४३.९ ÷ ०.५५, म्हणजे साधारण ८०

५८ वरून ८० वर जायचं आहे. मागच्या पेपरातल्या चुका बहुतेक चिन्हांच्या आणि अपूर्णांकांच्या असतील तर हे जमण्यासारखं आहे. ट्यूटरिंग सेंटरात तेवढ्याच दोन गोष्टी घेऊन बसा, तिथे पैसे लागत नाहीत. अर्धे प्रश्न कोरेच राहिले असतील तर अवघड. हा हिशोब 'डब्ल्यू' (विथड्रॉवल, म्हणजे मधेच सोडल्याची नोंद) घेऊन कोर्स सोडण्याच्या शेवटच्या तारखेच्या निदान एक आठवडा आधी करा. तारीख कॉलेजच्या शैक्षणिक कॅलेंडरात असते आणि ती टळली की 'एफ' किंवा 'डी' कायमचा नोंदला जातो. फी-मदत घेत असाल तर सोडण्याआधी त्या खात्यात विचारून घ्या, कारण डब्ल्यूमुळे मिळालेल्या मदतीवरही परिणाम होऊ शकतो.

मोगरा७:

उद्या पाच उदाहरणं सोडवून उत्तरं इथे टाकते. चुकली तर कुठल्या ओळीत चुकलं तेही लिहीन.

छेदसमान:

टाका. उत्तर नाही, सगळ्या ओळी टाका.